मशीनची खोली

सेतुमामांच्या घरी दही कॉम्प्युटरवर लागायचं. मार्गशीर्षात कुंभकोणमलाही जरा गारवा येतो आणि विरजण लवकर धरत नाही. मग जानकीमामी निजायच्या आधी मशीन चालू करायच्या, मॉनिटरच्या पाठीवर स्टीलचं पातेलं ठेवायच्या आणि वरून जुना टॉवेल टाकायच्या. सकाळी सुरीनं कापावं असं दही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच वाक्य उमटलेलं असे, की डिस्क घाला. घालायला डिस्क नव्हतीच. मी हे माहेरी साताऱ्याला सांगितलं की सगळे खो खो हसत आणि म्हणत, सुमे, तुझ्या त्या मद्रासी लोकांचं काही खरं नाही. मीही हसत असे. पण सेतुमामांच्या देखत त्या पातेल्याकडे बघून हसायची छाती जानकीमामी सोडल्या तर कोणाची नव्हती. मामा त्या मशीनवरून जाताना मान खाली घालून जायचे.

माझ्या सासरची माणसं मराठी, म्हणजे तंजावरकडची मराठी. भोसल्यांच्या वेळी कोणी पूर्वज तिकडे गेले ते तिकडचेच झाले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आणि मराठी तरी कसली? लग्न होऊन गेले त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "तुज कापी पाहिजे कीं नको?" कापी म्हणजे कॉफी. मला वाटलं, पोथीतलं कोणीतरी उठून स्वयंपाकघरात आलंय. माझ्या बोलण्याला ती मंडळी 'घाईचें मराठी' म्हणायची. आता तीस-पस्तीस वर्षं तिथं काढल्यावर माझंही धड हे नाही आणि धड ते नाही असं झालंय, ते असो.

सेतुमामा, म्हणजे सेतुमाधवराव, आमच्या रस्त्यावर दोन घरं सोडून राहायचे. नात्यानं कोणीच नव्हते, पण तिथं सगळा रस्ताच एकमेकांचा मामा-मामी असतो. मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायचे. शाळेत त्यांना सगळ्या 'सेतु सार' म्हणत. मला त्याच शाळेत गणिताची नोकरी लागली ती त्यांच्या शब्दावर. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर, असा त्यांचा अवतार. खडूचा तुकडा नखाएवढा उरला तरी टाकायचे नाहीत. मोडक्या छत्रीच्या दांड्याचा बोटभर तुकडा कापून त्यांनी खडू धरायला नळी केली होती.

वस्तू वाया गेलेली त्यांना बघवत नसे. "ह्याचा अजून एक उपयोग आहे," हे त्यांचं वाक्य. मुलींनी त्याचा खेळच केला होता. काहीतरी मोडकंतोडकं आणायचं, टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं, सार, याचा उपयोग? एकीनं अंगठा तुटलेली चप्पल आणली. सगळा वर्ग तोंडावर हात धरून बसलेला. मामांनी ती चप्पल उलटीसुलटी केली, वास बघून नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या रबराचे वॉशर कापून शाळेच्या हापशाला बसवले. हापसा गळायचा थांबला. त्या मुलीला घरी चपलेवरून बोलणी बसली, तेव्हा हे तिच्या वडिलांना जाऊन सांगून आले की दोष माझा आहे. चूक झाली की ती स्वतःची म्हणून सांगायची त्यांना खोडच होती. बऱ्याचदा ती त्यांची नसायचीसुद्धा.

पण एक चूक मात्र त्यांची होती.

आमच्या शाळेत मुलींना संडास नव्हता. शिक्षिकांना एक होता, कुलुपातला. लहान मुली विहिरीमागे जायच्या. मोठ्या कुठेच जायच्या नाहीत. गावातल्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या, पण साक्कोट्टैच्या, पट्टीश्वरमच्या मुली सकाळी बसनं यायच्या त्या संध्याकाळपर्यंत तशाच. दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. चैत्रातल्या उन्हात प्रार्थनेला उभ्या राहिल्या की एखादी मटकन खाली बसायची. आणि मुलगी मोठी झाली, घरात बसवून आंघोळ घातली, की पुष्कळदा तिचं नावच पटावरून जायचं. आम्ही शिक्षिकांनी आणि काही आयांनी मिळून घरोघर फिरून वर्गणी जमवली. तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं.

वर्गणी जमली आणि कमिटी बसली. कमिटीत सगळे पुरुष. अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक, सेक्रेटरी वकील. शिक्षकांच्या वतीनं सेतुमामा आणि बायकांच्या वतीनं मला बोलावलेलं. आता गंमत बघा. वर्गणी ज्याच्यासाठी जमवली त्याचं नाव घ्यायलाच कोणी तयार होईना. एक म्हणाले 'ती व्यवस्था'. दुसरे म्हणाले 'मागचं काम'. वकिलांनी तर नुसता हातानं मागे इशारा केला. अशा वेळी सेतुमामा उभे राहिले आणि कॉम्प्युटरवर बोलायला लागले.

काय बोलले ते. पाऊण तास. मद्रासला मी डोळ्यांनी बघून आलो म्हणाले. पुढच्या दहा वर्षांत ज्या मुलीला ते मशीन येत नाही तिला कोणी दारात उभं करणार नाही, मद्रासच्या मुलींना मिळतं तर आमच्या मुलींनी काय पाप केलंय. सगळी कमिटी पुढे सरकून ऐकत होती. तो शब्द सभेत मोठ्यानं बोलता येत होता ना, मग काय. कॉम्प्युटर म्हणताना प्रत्येकाची छाती फुगत होती.

मी म्हटलं, "पैसे संडासासाठी जमवलेत. आधी संडास."

वकील खोकले. कोणीतरी पंख्याकडे बघितलं. अध्यक्ष फार प्रेमानं म्हणाले, "ते होईलच अम्मा, पुढच्या वर्षी." सेतुमामांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि मशीनच्या स्मरणशक्तीबद्दल पुढे बोलायला लागले. मी घरी येऊन भांडी आदळली. आमच्या घरच्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तुमचे मामा गावाला एकविसाव्या शतकात घेऊन चाललेत, मुलींना मुतायला जागा नाही.

मशीन मद्रासहून लॉरीनं आलं. त्याला खोली हवी, धूळ चालत नाही, असं कंपनीच्या माणसानं बजावलं. मग विहिरीच्या बाजूची, सामानसुमान ठेवायची खोली रिकामी केली. पांढरी केली, खिडकीला पडदा लावला, पंखा बसवला, दाराला आतून-बाहेरून नवी कडी ठोकली. आत जाताना चपला बाहेर. जानकीमामींनी जुन्या रेशमी लुगड्याचं आवरण शिवलं. मुलींना दहा-दहाच्या ओळीनं आत नेऊन मशीन दाखवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळे लकाकले. मामांनी एका मुलीचं नाव त्या पडद्यावर उमटवून दाखवलं तेव्हा ती पोर रडायलाच लागली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

त्या मशीनच्या पोटात काही साठत नसे. सुरू करायचं तरी त्याला एक डिस्क लागायची. काळ्या पाकिटातली पातळ, हातपंख्यासारखी लवलवणारी चकती, फ्लॉपी म्हणतात ती. पाकिटाला लांबट गोल खिडकी असते, तिच्यातून मशीन आतली चकती वाचतं. कंपनीच्या माणसानं सांगितलं, एक खराब झाली तर घोटाळा नको म्हणून दोन-तीन करून ठेवा. मामांनी इमानानं करून ठेवल्या. सगळ्या एका डब्यात.

मग नवरात्र आलं. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची, पोथ्यांची पूजा होते. तिकडे त्या दिवशी जगातलं एकही हत्यार सुटत नाही. कात्री, वजनकाटा, ऑटोरिक्षा, गिरणीचा पट्टा, सगळ्यांना गंध-कुंकू. मग कॉम्प्युटर कसा सुटेल? वाध्यार, म्हणजे भटजी, आले. मॉनिटरला गंध, कीबोर्डला गंध, प्रिंटरला फुलं. सगळं झाल्यावर मामांनी डबा उघडला. हेंच तर त्याचें ज्ञान, म्हणाले, ह्यांस गंध नको काय? नाही कसं म्हणणार. पण लावायचं कुठे? फ्लॉपीचं कपाळ कोणतं? दोघं पाट ओढून विचार करत बसले. शेवटी वाध्यारांनी विचारलं, मशीन यातलं कुठून वाचतं? मामांनी त्या लांबट खिडकीवर बोट ठेवलं. वाध्यार म्हणाले, मग तेच कपाळ.

एकही राहू नये म्हणून मामांनी सगळ्या चकत्यांना आपल्या हातानं गंध लावलं. छान घट्ट उगाळलेलं चंदन, वर कुंकवाचा टिपका. मी तिथंच होते. मला तरी काय कळत होतं? मी कापूर लावला.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. त्या दिवशी बंद ठेवलेलं काम पुन्हा हाती घ्यायचं असतं. अध्यक्ष आले, वकील आले, मुली दाराबाहेर गर्दी करून. मामांनी पहिली फ्लॉपी आत सरकवली. आतून खर्रखर्र आवाज आला, वाळलेल्या खोबऱ्यावर खवणी फिरवावी तसा. त्यांनी दुसरी घातली. मग तिसरी. मग पहिली काढून वेष्टीच्या सोग्यानं पुसली आणि परत घातली. चंदन आणखी पसरलं. जितक्या घातल्या तितकं ते आतल्या वाचणाऱ्या भागावर लागत गेलं. पडद्यावर हिरवं वाक्य तेवढं उभं, डिस्क घाला. मामांचे कान लाल झाले होते.

वकील म्हणाले, कंपनीनं फसवलं, नोटीस पाठवू. मामा म्हणाले, "नव्हे. मी गंध लावलं." दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे त्यांनी हेच सांगितलं. मुली आधी हसल्या, मग गप्प झाल्या. कंपनीला पत्रं गेली. उत्तर आलं नाही. पुढे कळलं की त्या लोकांनी दुकानच गुंडाळलं होतं.

चंदनाची चूक त्यांनी अशी चारचौघांत सांगून टाकली, तेव्हा मला वाटलं, सुटला माणूस. तसं नव्हतं. ती लाज सांगता येण्याजोगी होती, तिच्यावर लोक हसूही शकत होते. तिच्याखाली दुसरी होती. तिच्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत आणि तिनंच त्यांना धरलं होतं. त्यांच्या वागण्यात ते मला दिसायला लागलं. एखाद्याच्या घरात दुखणेकरी असावा तशी त्यांची त्या खोलीत ये-जा सुरू झाली. मशीनचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. काहीही.

कीबोर्ड सोडवून त्यांनी बाकावर ठेवला आणि मुलींना त्यावर टायपिंग शिकवायला लागले. कुठे काही उमटायचं नाही. मुलगी बटण दाबायची आणि ते अक्षर तोंडानं म्हणायची, बाकीच्या वहीत लिहून घ्यायच्या. मशीनचं झाकण उघडून विजेचा धडा त्यावरच. प्रिंटरचा लांबच लांब कागद परीक्षेत कच्च्या कामाला. थर्माकोलच्या खोक्यांच्या पायऱ्या, तिकडे नवरात्रात गोलूच्या बाहुल्या मांडतात त्यांना. दर वेळी स्टाफरूममध्ये येऊन सांगायचे, "उपयोगास आलें हो." आम्ही बरं म्हणायचो आणि चहाच्या कपात बघायचो. इतका हुशार माणूस असा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरतोय हे बघून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा शाळा तपासनीस आले. कॉम्प्युटर बघू म्हणाले. मामांनी मुलींना मशीनपुढे बसवलं होतं. एक बटणं दाबतेय, बाकीच्या एका सुरात अक्षरं म्हणतायत. तपासनीसांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, ही अक्षरं पडद्यावर का उमटत नाहीत? तेव्हा सेल्वी उठली. पट्टीश्वरमची, नववीतली, काळीसावळी, काटकुळी पोर, सायन्समध्ये पहिली. मघाची चपलेची ट्रिक आठवते ना, तसल्या खेळात तिचा हात कोणी धरत नसे. ती शांतपणे म्हणाली, "सार, त्याला गंध लागलंय." वर्ग फुटला. तपासनीसांना काही कळलं नाही. त्यांनी शेऱ्यात 'उत्तम उपक्रम' लिहिलं आणि जेवायला गेले. मामा हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग सेल्वीला म्हणाले, तू इंजिनियर होशील बघ. तिला इंजिनियर करायचं हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. शाळा सुटल्यावर तिला पुस्तकं देऊ लागले. तिच्याबद्दल बोलताना तेवढी त्यांची मान वर असायची.

दहावीचं वर्ष सुरू झालं आणि सेल्वी यायची थांबली. एक आठवडा झाला, दोन झाले. मामा माझ्याकडे आले. म्हणाले, "सुमती, पट्टीश्वरमास जाऊन येऊं. मी एकटा पुरुष जाऊन तिच्या आईस काय पुसूं?" त्यांना कारण ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

बसनं गेलो. सेल्वीची आई ओसरीवर विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होती. आमच्यासाठी तिनं चटई झटकली, पाणी दिलं. सेल्वी दाराआड उभी होती, तिचा परकर तेवढा दिसत होता. आता ती परकरावर दावणी, म्हणजे अर्धी साडी, नेसायला लागली होती, मोठी झाली होती. सगळं बोलणं तमिळमधून. मामांनी सुरुवात केली. पोरीचं डोकं किती चांगलं, कॉलेजात जाईल, पुस्तकं मी देईन, फी माफ करवून घेईन. ती बाई पानं लावत ऐकत होती. मामांचं संपल्यावर म्हणाली, "डोकं चांगलं आहे सार. डोक्याला काय झालंय? सकाळची बस धरते ती दिवेलागणीला घरी येते. आता तिचे महिन्याचे चार दिवस असतात. तोवर तिनं काय करायचं, तेवढं सांगा."

मामा म्हणाले, "कमिटीपुढे विषय आहे."

"असेल," ती म्हणाली. रागावली नव्हती ती. जुडी बांधून झाली, तिनं दुसरी घेतली. "पोर सांगते तुमच्याकडे एक खोली आहे. विहिरीजवळच आहे म्हणे. पडदा आहे, आतून कडी आहे, पंखासुद्धा आहे. आत मशीन ठेवलंय आणि ते चालत नाही."

मामांनी पाण्याचा पेला उचलला.

"मशीनला कडी कशाला लागते सार?"

तिला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता तो. मी मामांकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. दाराआडचा परकर आत गेला. मामांनी पेल्यातलं पाणी संपवलं, हात जोडले आणि उठले.

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. साक्कोट्टै गेलं तेव्हा बोलले. "त्या सभेंत तूं जें बोललीस तें मीं ऐकिलें होतें. ऐकिलें नाहीं असें केलें."

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे, मामा."

"तो शब्द उच्चारावयास मज लाज वाटली," ते म्हणाले. "एवढेंच कारण. दुसरें कांहींही नव्हतें." मग कुंभकोणम येईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी त्यांनी मशीन खोलीतून काढलं. तिघं शिपाई मदतीला असूनही मॉनिटर स्वतः छातीशी धरून आणला आणि व्हरांड्यात जमिनीवर ठेवला. कमिटीच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, त्या खोलीत मुलींसाठी संडास व्हायला हवा. संडास. लखलखीत उच्चार, शिवाय दोन वेळा. वकिलांनी पंख्याकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, मग मशीन कुठे ठेवायचं, शाळेची मालमत्ता आहे. मामा म्हणाले, माझ्या घरी ठेवीन, कधीही येऊन मोजून घ्या. कोणाला ते नकोच होतं, त्यामुळे विषय मिटला.

पण काम काय एका दिवसात होतं? तिकडची जमीन पाणथळ, कावेरीचा गाळ. खड्डा खणला की दुसऱ्या दिवशी पाणी भरलेलं. एकदा सगळी बाजू कोसळली. मामा वेष्टी गुडघ्याच्या वर खोचून गवंड्याबरोबर उभे असायचे. गावात चर्चा. ब्राह्मण माणूस, मास्तर, आणि संडासाच्या खड्ड्यात उतरतो. जानकीमामींना देवळात बायका विचारायच्या. त्या म्हणायच्या, "कोठें तरी उतरूं दे. कांप्यूटरावरून उतरले तें बरें झालें." विहिरीवर मोटर बसवली तर व्होल्टेज इतकं कमी की ती नुसती गुरगुरायची. तेव्हा मामांना आठवलं की कॉम्प्युटरबरोबर एक मोठा स्टॅबिलायझर आलाय, कमी वीज वाढवून देणारा. तो आणून जोडला आणि पाणी टाकीत चढलं. त्या सगळ्या खरेदीतली ठरल्या कामाला नीट लागलेली तेवढी एकच वस्तू. मी म्हटलं, मामा, उपयोगास आला. त्यांनी उरलेली वायर गुंडाळली. ते वाक्य त्यांनी पट्टीश्वरमहून आल्यापासून सोडलंच होतं.

तयार व्हायला वर्ष गेलं. झालं त्या दिवशी मामा सरळ बस पकडून पट्टीश्वरमला गेले, या वेळी एकटेच. संध्याकाळी परत आले ते आमच्या ओसरीवर, तिकडे तिण्णै म्हणतात तिथं, येऊन बसले. मी कापी दिली. ती निवून गेली. शेवटी म्हणाले, "लग्न ठरलें. तिच्या मामाकडे धाडली तिला. उशीर झाला." मी म्हटलं, दुसऱ्या मुली तर येतील. येतील म्हणाले. आल्याही. त्या वर्षापासून साक्कोट्टैच्या, पट्टीश्वरमच्या मुलींची नावं पटावरून जायची कमी झाली. मी त्यांना ते मुद्दाम सांगत असे. ते ऐकून घ्यायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. पैशाचं कर्ज फेडता येतं, निदान हप्ते तरी पाडून मिळतात. सेल्वीचं वर्ष कोण परत देणार होतं?

मशीन त्यांच्या घरी राहिलं. नव्वदची वर्षं आली, गावात रंगीत पडद्यांचे कॉम्प्युटर आले, गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या. कोणीतरी भंगारवाला मागायला आला तर मामांनी त्याला दारातून परत पाठवलं. जानकीमामींनी त्यावर दही लावायला सुरुवात केली ती तेव्हाची. मामांनी हरकत घेतली नाही. मला एकदा मामी म्हणाल्या, "फेकूं देत नाहीत. रोज दृष्टीस पडावें म्हणून ठेविलें आहे." एवढं बोलून त्या पातेलं घासायला लागल्या.

मामा निवृत्त झाले तरी जून महिन्यात शाळेत यायचे. प्रवेशाच्या दिवसांत बाकावर बसून आलेल्या आयाबापांची नावं लिहून घ्यायचे. अक्षर चांगलं होतं आणि शाळेला फुकटचा माणूस मिळायचा. एका वर्षी शाळेत नवी कॉम्प्युटर लॅब झाली होती. फाटकावर मोठा फलक, आत ओळीनं मशीनं, एसी. आयाबाप काचेला नाक लावून बघायचे आणि मग रांगेत यायचे. मी मामांच्या शेजारी बसून पावत्या फाडत होते.

रांगेत एक तरणी बाई आली, सहा-सात वर्षांची पोर हाताला धरून. तिनं लॅबकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीला रांगेत उभं केलं, पुढच्या बाईला म्हणाली, जरा हिच्याकडे लक्ष ठेवा, आणि सरळ मागे विहिरीकडे गेली. थोड्या वेळानं परत आली. तिचे पाय ओले होते. मामांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं, आणि मामांनी बहुधा ती मागे गेली तेव्हाच ओळखलं होतं. ते उभे होते. पेन टेबलावर पडलं होतं.

"पाणी येतंय," सेल्वी म्हणाली. "नाव लिहा सार."

मामांनी पोरीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मामा लिहायला खाली वाकले आणि लिहिलं नाही.

सेल्वीनं अगदी सहज विचारलं, "मी तेव्हा एक वर्ष थांबायला हवं होतं का, सार?"

मागे रांगेत कोणीतरी पोर रडत होतं. मामांचा हात टेबलाच्या कडेवर होता. ते म्हणाले, "नाही, अम्मा. थांबायचं तुझं काम नव्हतं. घाई आम्ही करायला हवी होती." आणि त्यांनी हात जोडले. साठी उलटलेला माणूस, पांढरे केस, भर रांगेत, आपल्या विद्यार्थिनीपुढे, आणि जोडलेले हात खाली येईनात.

सेल्वी गोंधळली. काय करावं ते तिला कळेना, तिनं माझ्याकडे बघितलं. मला तरी कुठे कळत होतं. तेवढ्यात त्या लहान पोरीला वाटलं, नवे मास्तर वणक्कम करतायत. घरी शिकवलेलं होतं तिला. तिनंही आईचा हात सोडला आणि मामांकडे बघून नीट हात जोडले.